फोटो काढा आणि तारीख लिहा

फुलांचे फोटो काढायचे म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते कास पठाराचं. भाद्रपद लागला की ठाण्या-डोंबिवलीहून शनिवारी रात्री बसगाड्या सुटतात. पहाटे सातारा, मग रांग, तिकीट, गर्दी, आणि रविवारी रात्री दमूनभागून घरी पोचावं तो सोमवारच्या डब्यांचा प्रश्न आ वासून उभा! कास सुंदर आहे, यात वादच नाही. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत तेही आहे. पण मैत्रिणींनो, तिथल्या काही फुलांची सख्खी-चुलत भावंडं आपल्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर उगवतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यांना पाहायला तिकीट नाही, बस नाही. फक्त ती आहेत हे आपल्या लक्षात आलेलं नसतं.

मी डोंबिवलीत राहते आणि दुपारच्या सत्रात एका शाळेत मराठी शिकवते. म्हणजे सकाळ माझी आणि तुमची सारखीच, कुकरच्या शिट्या मोजण्यात जाणारी. तरीही गेली काही वर्षं मी घराजवळच्या रानफुलांचे फोटो काढते आहे आणि त्यासाठी दिवसातून वेगळा असा वेळ मी फारसा काढलेला नाही. कारण गंमत अशी आहे की फुलांनाही त्यांचं घड्याळ असतं आणि ते आपल्या घड्याळाशी बरंच जुळतं.

केन्याचंच घ्या ना. गणपतीत आणि मंगळागौरीत पत्रीसाठी आपण दूर्वा, आघाडा, केना असं एका दमात म्हणतो. पण केन्याचं फूल तुमच्यापैकी कितीजणींनी नीट पाहिलं आहे? नखाएवढं, निळंशार, आणि पाकळ्या इतक्या नाजूक की बोट लागलं तर विरघळतील असं वाटतं. ते सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं. जेवणं आटपून, ओटा पुसून मोकळ्या होणाऱ्या बाईला ते दिसायचंच नाही! मुलांना शाळेच्या बसपाशी सोडून परत येताना, कुंपणाच्या कडेला, ओलसर जागी पाहा. आणखी एक नवल सांगते. याच केन्याला जमिनीखालीसुद्धा फुलं धरतात. ती कधी उमलत नाहीत, पण त्यांतही बी तयार होतं. वरचं फूल कुणी खुडलं, गुरांनी खाल्लं, तरी तिची खालची शिल्लक सुरक्षित. आपल्या डाळीच्या डब्यातल्या नोटांसारखीच म्हणा ना!

पारिजातक पहाटे सडा टाकतो, म्हणजे दूध घ्यायला दार उघडलं की त्याची वेळ. गुलबाक्षी दुपारी चारच्या सुमाराला उमलायला लागते, आपल्या चहाच्या आधणाबरोबर. आणि ब्रह्मकमळ रात्री. त्याच्याबद्दल मी काय सांगावं? जुलै-ऑगस्टात एकेका रात्री सोसायटीतल्या सगळ्या बायकांच्या व्हॉट्सॲपवर एकच फूल फिरत असतं. (जाता जाता, आपल्या गॅलरीतलं हे ब्रह्मकमळ हिमालयातलं नव्हे. ते मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. म्हणून त्याचं कौतुक कमी करायचं कारण नाही.) स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी तर १७५१ सालच्या आपल्या ग्रंथात, कोणतं फूल किती वाजता उमलतं यावरून वेळ सांगणाऱ्या फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली होती. तसं घड्याळ आपल्या गल्लीपुरतं आपणही जुळवू शकतो.

आता जागा कुठल्या? ठाण्याच्या मैत्रिणींचं भाग्य मोठं. उपवन तलावाच्या पलीकडे येऊरचा डोंगर आहे आणि तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला फुलपाखरांची ओवळेकर वाडी आहे. फुलपाखरांसाठी जी झाडं लावावी लागतात, त्यांची फुलं तिथे निवांत पाहता येतात. कल्याणकरांना गांधारी पुलाकडची उल्हास नदी, डोंबिवलीकरांना भोपरची टेकडी, निळजे तलाव आणि ठाकुर्लीच्या बाजूची खाडी. यांपैकी कुठेच जायला जमलं नाही तर गाडीची खिडकी तर आहेच. दिवा ते कोपर या पट्ट्यात रुळांच्या कडेला पाणकणीस आणि फिकट जांभळ्या फुलांचं बेशरम दाटलेलं असतं. बायकांच्या डब्यात खिडकीची जागा मिळाली तर फोनमध्ये डोकं घालण्याऐवजी बाहेर बघा. फोटो मात्र धावत्या गाडीतून काढू नका. हलतो तर खराच, पण दारात उभं राहून फोन बाहेर धरणं जिवावरचं आहे.

फोटो चांगला यायला महागडा फोन लागतो, असा एक गैरसमज आहे. अहो, तुमच्या फोनच्या मागची ती इवलीशी काच शेवटची कधी पुसली होती? स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनवर तेलाचा आणि पिठाचा हात लागलेला असतोच. जुन्या सुती साडीच्या मऊ तुकड्यानं काच पुसा आणि मग पाहा, निम्मा धूसरपणा तिथेच जातो.

दुसरं म्हणजे वाकायची तयारी हवी. उभ्यानं खाली फोन धरून काढलेल्या फोटोत फुलापेक्षा चिखल जास्त येतो. फुलाच्या उंचीवर या. गुडघे टेका, नाही तर उकिडवं बसा. लाज वाटते खरी. पहिल्या वर्षी मला आमच्या वॉचमननं दोनदा विचारलं, "मॅडम, काय हरवलं का?" तिसऱ्यांदा तोच सांगायला आला की मागच्या भिंतीपाशी पिवळं फूल आलंय. फुलाच्या अगदी अंगावर जाऊ नका. फार जवळ गेलं की बहुतेक फोनना नेमकं दिसत नाही. वीतभर लांब राहा, स्क्रीनवर फुलावर बोट टेकवा, फूल स्पष्ट झालं की मगच टिपा. जास्तीची कडा घरी येऊन कापता येते. पांढरी आणि पिवळी फुलं उन्हात नुसती चकाकतात, पाकळीवरची रेघ दिसत नाही. तेव्हा उजेड जरा कमी करून घ्या. सर्वांत उत्तम म्हणजे ढगाळ सकाळ. आपल्या पावसाळ्यात तिला काय तोटा!

छत्री तर हवीच. काळी छत्री उघडून फुलाच्या मागे धरली की वारा अडतो आणि मागचा कचऱ्याचा डबाही दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर फूल कसं उठून दिसतं. फुलाची एक बाजू अंधारी वाटली तर समोरून वहीचा पांढरा कागद किंवा डब्याचं स्टीलचं झाकण धरा, उजेड परत फिरतो. हे सगळं दोन हातांत मावत नाही, म्हणून मुलीला बरोबर घ्या. फुलावर पाणी शिंपडून दव पडल्याचा देखावा करणाऱ्या काहीजणी मी पाहिल्या आहेत. मला ते पटत नाही. लग्नाच्या अल्बममधल्या खोट्या धबधब्यासारखं वाटतं ते.

एका फुलाचे चार फोटो घ्या: समोरून, बाजूनं, पान नीट दिसेल असा, आणि सगळं झाड मावेल असा लांबून. नुसत्या पाकळ्यांवरून नाव सांगणं जाणकारालाही अवघड जातं. तेरड्याचं पाहा. "तेरड्याचा रंग तीन दिवस" असं आपण नव्या उत्साहाला हिणवतो. पण तेरड्याचं फूल बाजूनं पाहिलंत तर मागे एक बारीक, वाकडी नळी दिसेल. तिच्यात मध असतो. समोरून काढलेल्या फोटोत ती कधीच येत नाही. कवळ्याची ती पिवळी फुलं, ज्यांना हल्ली सगळे मिकीमाऊस म्हणतात, ती मात्र समोरूनच पाहावीत, म्हणजे दोन्ही तांबडे ठिपके दिसतात. आकार कळावा म्हणून शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा केसांतली पिन ठेवा.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. फोटो काढलात की तारीख आणि जागा लिहून ठेवा.

तुम्ही म्हणाल, फोनमध्ये तारीख असतेच की. असते, पण आपण करतो काय? फोटो बहिणीला, भावजयीला, शाळेच्या ग्रुपवर पाठवतो आणि फोन भरला की मूळ फोटो काढून टाकतो. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोतून, तो कधी आणि कुठे काढला ही माहिती गळून गेलेली असते. मागे उरतं ते एक सुंदर, बेवारशी फूल. म्हणून एक साधी वही करा. मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं शिवली तरी पुरे. त्यात तारीख, जागा, नाव, आणि नाव ठाऊक नसेल तर रंग.

याचा उपयोग काय, तो मला चौथ्या वर्षी कळला. आमच्या इमारतीमागे एक रिकामा प्लॉट होता. २०२१ पासून मी तिथल्या फुलांची नोंद ठेवत होते. तेरडा, कुर्डू, टाकळा, केना, कवळा, कुंपणावर चढलेली कळलावी. दर पावसाळ्यात साधारण त्याच आठवड्यांत ती यायची. २०२५ च्या उन्हाळ्यात प्लॉटभोवती निळे पत्रे उभे राहिले आणि महिन्याभरात माती खणून नेली. त्याबद्दल तक्रार करायची नाही. आपणही कधीकाळी अशाच कुणाच्या तरी शेतावर बांधलेल्या इमारतीत राहतो. पण मी शेजारणींना विचारलं, तिथे काय काय फुलायचं आठवतं का? बहुतेकींनी सांगितलं, गवत होतं, डास फार व्हायचे. कळलावी कुणालाच आठवली नाही. एवढं मोठं, ज्वाळेसारखं फूल! ते तिथे होतं याचा पुरावा आता माझ्या वहीतल्या चार ओळी आणि अकरा फोटो.

वही वगैरे हे अगदीच बायकी, घरगुती काम आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना ॲना ॲटकिन्स यांची गोष्ट सांगा. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून जे मानलं जातं, ते या इंग्लिश बाईंनी १८४३ साली काढायला सुरुवात केली. विषय होता समुद्रातलं शेवाळ. कॅमेरा न वापरता, औषध लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवून, उन्हात निळे ठसे उमटवायचे आणि प्रत्येकाखाली त्याचं शास्त्रीय नाव लिहायचं. त्यांनी हे काम दहा वर्षं चिकाटीनं केलं. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. महिन्यामागून महिना, नजरेसमोरची झाडंफुलं आणि आभाळ. तेही रोजच्या पाहण्यातूनच उभं राहिलेलं आहे.

तारखेचं मोल सगळ्यांत जास्त कळतं ते कारवीपाशी. येऊरच्या उतारांवर कारवीची दाट झुडपं आहेत. ती सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर निळाजांभळा करते, बी धरते आणि मरते. एखादं झुडूप मधल्या वर्षी चुकूनमाकून फुलतं, पण सामुदायिक बहर आठ वर्षांनीच. आपल्या राष्ट्रीय उद्यानात तो २००८, २०१६ आणि २०२४ साली आला. पुढचा २०३२ साली अपेक्षित आहे.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर आम्ही पाचजणी फाटकावर नोंद करून आत गेलो. फुलं पाहून कुणाला काही बोलायला सुचेना. मधमाश्यांचा आवाज मात्र सतत, गिरणीसारखा. आणि त्याच वाटेवर काही मंडळी फुललेल्या फांद्या मोडून, हातात धरून फोटो काढून घेत होती. एका मुलीच्या केसांत तुरा, एकाच्या टोपीत. घरी जाईपर्यंत ते सगळं वाटेतच टाकलं गेलं असणार. राष्ट्रीय उद्यानातून फूलपान तोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहेच. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. मोगऱ्याचं फूल तोडलं तर उद्या दुसरं येईल. कारवीला दुसरी संधीच नाही. फुलानंतर धरलेली बोंडं वाळतात, पुढच्या पावसाच्या सुरुवातीला तडतडून फुटतात, बी लांब उडतं आणि त्यातूनच पुढची पिढी उगवते. मोडलेल्या फांदीचं आठ वर्षांचं पुण्य तिथेच संपलं. डोंगरउताराची माती धरून ठेवायला हीच झुडपं लागतात. आदिवासी घरांच्या कुडाच्या भिंतीही कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणमातीचा लेप. ज्या वारली चित्रांच्या चादरी आणि कप आपण प्रदर्शनातून हौसेनं आणतो, ती चित्रं मुळात अशाच भिंतींवरची.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. २०३२ साली ती कॉलेजात असेल आणि तेव्हा आईबरोबर येऊरला यायला तिला वेळ असेल की नाही, कोण जाणे. म्हणून तिच्याच हातून वहीत तारीख लिहून घेतली आहे.

फुलांची नावं शोधायची कुठे? पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर व्यवसायानं अभियंते. त्यांनी सह्याद्रीतल्या रानफुलांचे फोटो काढून २००१ साली 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे पुस्तक केलं, ते वाचनालयात मिळालं तर जरूर पाहा. आयनॅचरलिस्ट नावाच्या फोनवरच्या सोयीत फोटो घातला की जगभरचे जाणकार नाव सुचवतात. शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणींसाठी सीझनवॉच हा उपक्रम चांगला आहे. त्यात मुलं एखादं झाड निवडून त्याची पालवी, फुलं, फळं यांची नियमित नोंद करतात.

पण माझ्या पहिल्या गुरू बाजारातल्या मावश्या. जूनच्या पहिल्या पावसात मुरबाड-शहापूरकडून शेवळं घेऊन ज्या बायका आपल्या स्टेशनांबाहेर बसतात, त्या. शेवळ म्हणजे मुळात फुलोराच, हे किती जणींना ठाऊक असेल? सीकेपी घरांत शेवळाची कणी होते, तिच्यासाठी आपण फुलं चिरत असतो! त्याबरोबर काकडं का विकत घ्यावी लागतात तेही त्याच सांगतात: त्याशिवाय घशाला खाज सुटते. माझ्या फोनमधले फोटो मी त्यांना दाखवते. पुस्तकात जे नाव पानभर शोधावं लागतं ते त्या भाजी निवडता निवडता सांगतात, आणि कधी पुस्तकात नसलेलंही सांगतात. "ताई, हे खायाचं नाय हां," हेसुद्धा.

ते मात्र ध्यानात ठेवा. फोटोवरून ओळखलेली रानभाजी घरात शिजवू नका. कळलावीचं सगळं झाड विषारी आहे, कंद तर फारच. लहान मुलं बरोबर असतील तर आधी त्यांना तेवढं बजावा. खाजकुयलीची जांभळी फुलं सुरेख दिसतात, पण तिच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की दिवसभर दुसरं काही सुचत नाही. गवतात बूट घालूनच जा, कारण घोणस आपल्यासाठी बाजूला सरकत नाही. येऊरला बिबटे आहेत. अंधार पडायच्या आत परत फिरा, आणि एकटीनं जाऊ नका. भर पावसात ओढ्यात उतरून फोटो काढायचा मोह तर नकोच. दुर्मीळ आमरीसारखं काही दिसलं तर फोटो जरूर सगळ्यांना दाखवा, पण जागा नेमकी सांगू नका. लोक कंदासकट उपटून कुंडीत लावतात आणि ते महिन्याभरात मरतं.

पावसाळा संपला की हौस संपली असं मात्र नाही. माघ-फाल्गुनात येऊरला पळस आणि पांगारा, चैत्रात बहावा, आणि महाराष्ट्र दिनाच्या आसपास रस्त्याकडेचं ताम्हण. हे आपलं राज्यफूल. पाठ्यपुस्तकात पाठ केलेलं आणि बसस्टॉपवर न ओळखलेलं! खाडीकाठी कांदळवनात मारांडीचं जांभळं फूल येतं. काटेरी पानांमुळे त्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही.

वर्षाअखेरीला फोनमध्ये शेकडो फोटो साठतात. त्यांतले बाराच निवडा, महिन्याला एक, आणि स्टुडिओतून कागदावर छापून घ्या. बारा निवडताना जी भांडणं होतात ती घरातल्या सगळ्यांना करू द्या. फोटोच्या मागे फुलाचं नाव, जागा आणि तारीख लिहा, पण मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेननं लिहिलं तर अक्षर पुढच्या बाजूला उमटतं आणि शाई शेजारच्या फोटोला लागते.